फ्रीजचे चार अंश
बायकोनं अर्धापूरची केळी फ्रीजमध्ये ठेवली होती. आज दार उघडताच त्या वासानं मला सरकारी दवाखान्यातली माझी जुनी लॅब आठवली. तिथंही रसायनांच्या शेजारी माझी केळी असत, आणि दारावरच्या तक्त्यात मी रोज न बघताच फ्रीजचं तापमान लिहायचो: चार अंश. महिनाभर चारच. लॅबचं काम सुधारावं म्हणून लातूरच्या एक अनुभवी बाई दर महिन्याला आम्हाला शिकवायला येत. त्यांनी तक्ता पाहिला, केळी पाहिली आणि सहज विचारलं, "दादा, काल लाईट कधी आली?" "दिवसभर नव्हती मॅडम, संध्याकाळी आली," मी भोळेपणानं सांगितलं. "आणि फ्रीज चारवरच? लई इमानदार हाय की!" मग साखर किती ते आधीच माहीत असलेला एक नमुना त्यांनी माझ्याकडून तपासून घेतला. आकडा निम्माच आला; फ्रीज बंद राहून रसायन बिघडलं होतं. सकाळचे रिपोर्ट तर वाटून झाले होते. "तुम्हीच परत मागा, मी सोबत येते," त्या म्हणाल्या. डॉक्टरांच्या दारात एक आजी साखर उतरली म्हणून खुशीत बसली होती. मशीन बिघडलं होतं, असं अगदी माझ्या ओठावर आलं होतं. पण बाई मागंच उभ्या होत्या. "आजी, चूक माझी हाय. रक्त परत द्यावं लागंल." आजीनं दुसरा हात पुढं केला. "मग मघाशी काय टोचून राहिला होतास रे बाबा?" बाईंनी आणलेल्या ताज्या रसायनावर तिची साखर दुप्पट निघाली. आता दुसऱ्यांच्या लॅबमध्ये शिकवायला मीच जातो. तक्त्यात ओळीनं चार दिसले की ओरडायला तोंड उघडतो, मग न रागावता दुसरा हात पुढं करणारी ती आजी आठवते, आणि फक्त विचारतो, काल लाईट कधी आली?