रोजंदारीवरची आत्या

आज चहाच्या वेळी कालोलिनाने डब्यातून केक काढला आणि मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाच्या! त्याआधीचे पंधरा दिवस नुसते पैशांचा हिशोब करण्यात गेले.

आम्ही सहाजणी टोंगाच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर आहोत. कालोलिनाला एकोणीस वर्षं झाली, तरी कागदावर ती तात्पुरतीच. पंधरा दिवसांपूर्वी हुकूम निघाला, रोजंदारीवरच्या बायकांचा पगार चौथ्या हिश्श्याने कमी. काम तेवढंच. कायम नोकरीतल्या पुरुषांच्या केसालाही धक्का नाही! सही नव्या साहेबांची, फेआओची. आणि हा फेआओ कालोलिनाच्या सख्ख्या भावाचा मुलगा.

आमच्याकडे आत्यापुढे भाच्याची मान वर होत नाही. मी म्हटलं, "अगं, जा की त्याच्याकडे. नुसते डोळे वटारलेस तरी पुरे."

"कचेरीत तो साहेब आहे. तिथे मी वशिला लावणार नाही."

"मग काढ नातीला शाळेतून!" मी चिडून बोलले. नातीच्या वसतिगृहाचा खर्च त्याच पगारातून भागायचा. बोलून गेले खरी, पण मला माझीच लाज वाटली.

शनिवारी फेआओच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता; आम्हालाही बोलावणं होतं. मंडपात मानाची जागा अर्थातच आत्याची. फेआओने मांडी घालून तिच्यापुढे मान म्हणून बारीक विणीची चटई ठेवली, त्यावर सगळ्यात मोठा केक. कालोलिनाने सुरी मागितली, केकचा चौथा हिस्सा कापला आणि त्याच्याकडे सरकवला.

"हा तुला परत."

"आत्या, काही चुकलं का?"

"छे रे! तुझाच हुकूम पाळतेय. एकोणीस वर्षं मी तात्पुरती. मग आत्या तरी पुरती कशी असेन?"

आत्याने मान परत केला म्हणजे घराण्याची शोभाच! फेआओची आई त्याच्याकडे अशी बघत होती की मला त्याची कीव आली.

"सोमवारी हुकूम मागे घेतो," तो पुटपुटला.

"माझ्यापुरता?"

"नाही, आत्या. सगळ्याजणींचा."

तेव्हा कुठे तिने तो तुकडा परत ओढला आणि आधी बाळाला भरवला.

आज सकाळी हुकूम खरंच रद्द झाला. आम्ही रडलो, हसलो, शनिवारच्या केकवर तुटून पडलो. कालोलिनाने एक तुकडा बाजूला काढला, मोठ्यांपुढे जाताना आदरासाठी बांधतात ती कमरेची विणलेली झालर नीट केली आणि साहेबांच्या खोलीचं दार वाजवलं.

"आत येऊ का, साहेब?" ती म्हणाली.