आधी ढील, मग लोड

जिथे माणसं आठवड्यातून तीनदा एकमेकांना पाडायलाच जमतात, तिथले किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. सेक्टर 10 मधल्या आमच्या आयकिडोच्या, म्हणजे जपानी कुस्तीसारख्या त्या प्रकाराच्या क्लासला तर मी एकट्यानेच इतके पुरवलेत, की नवीन माणूस आला की त्याला आधी नियम सांगतात आणि मग माझ्याबद्दल!

क्लासला गेलो आईमुळे. ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता काठीने बरी चालते, पण खुर्चीतून उठताना कोणाचा तरी हात लागतो. मी नुकताच प्लांटमधून रिटायर झालेला, घरीच. पहिल्याच दिवशी काखेत हात घालून असं उचललं, की ती किंचाळलीच. "सिमेंटचं पोतं उचलून राहिला का रे? हात नको लावू मले!"

तेव्हापासून मला बंदी. उठवायला आईला चालायची फक्त सुनीता, माझी बायको, आणि ती शाळेत शिकवून दोनला घरी येणार. तोवर उठायची वेळ येऊ नये म्हणून आईने सकाळचं पाणी पिणंच सोडलं. गिलास भरून दिला तर दोन घोट घ्यायची आणि बाजूला ठेवायची. मला ते बघवत नव्हतं. अशात सेक्टरमधल्या हॉलबाहेर या क्लासचा बोर्ड दिसला, 'बिना ताकत लगाए उठाना-गिराना सीखें'. गिराना नको होतं, पण पॅकेजमध्ये होतं!

*

आमचे देवांगन सर म्हणजे प्लांटमधले रिटायर्ड क्रेन ऑपरेटर. पहिल्या दिवशी त्यांनी नुसता हात पुढे केला. "उठाइए." मी दोन्ही हातांनी ओढला. माझा चेहरा लाल झाला, त्यांचा हात तिथेच.

"काळे साहब, सेफ्टी का लेक्चर आप ही देते थे ना?"

मी अभिमानाने हो म्हणालो. वीस वर्षं दिलं!

"मैं पीछे बैठ के सोता था. पर एक लाइन याद रह गई. पहले स्लिंग की ढील निकालो, दोरी तन जाए, फिर लोड उठाओ. झटका मत दो. बस वही करना है."

वीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं, आणि स्वतःच्या हातात झटक्याशिवाय काही नव्हतं.

*

मग घरी प्रॅक्टिस सुरू केली. दार, बादली, ड्रॉवर, जे हाती लागेल त्याची आधी हळूच ढील काढायची, मग ओढायचं. एकदा कपाटाचं हँडल धरून डोळे मिटून उभा होतो. सुनीता मागे येऊन थांबली.

"कपाट उघडून राहिले, का त्याची परवानगी मागून राहिले?"

*

क्लासमध्ये मेश्राम मॅडम आहेत, रेल्वेत बुकिंगला. माझ्या निम्म्या वजनाच्या. एकदा मी त्यांचं मनगट घट्ट पकडलं, त्या जराशा वळल्या, आणि मी छताकडे बघत पडलेलो. ओढलं नाही, ढकललं नाही, काही कळलंच नाही.

मी उठत म्हणालो, "मॅडम, तुम्ही काही केलंच नाही, माझाच पाय घसरला."

सर टाळ्याच वाजवायला लागले. "यही तो! सामने वाला बोले कि मैं खुद गिरा, तब समझो आ गया!"

मेश्राम मॅडमचं तोंड मात्र उतरलं. "तीन वर्षं झाली मले शिकून. अन् हे म्हणते पाय घसरला!"

*

मलाही एक दिवस जमलं! पटेल नावाचा धिप्पाड माणूस, मी हात लावला न लावला तोच धाडकन पडला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही! मी घरी जिलेबी नेली. आईलाही दिली. ती म्हणाली, "जिलेबी ठेव. हात दूर ठेव."

पुढच्या क्लासला पटेलला विचारलं, तुला नेमकं काय जाणवलं? तो लाजला. "साहब, मैं आपके सेक्शन में था ना. आप रिटायर हो गए तो क्या हुआ, आपके सामने खड़ा रहना अच्छा नहीं लगता."

*

मागच्या मंगळवारी सुनीता शाळेत होती. साडेदहाच्या सुमारास आई खुर्चीत चुळबुळ करायला लागली. घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, शेवटी नाइलाजाने माझ्याकडे.

"ओढशील तर पाहाजो!"

मी समोर उभा राहिलो आणि तळवा पुढे धरला. तिने त्यावर हात ठेवला. मी काही केलं नाही. तिच्या बोटांचं वजन आलं, मग मनगटाचं, मग कोपराचं. खांद्याचं यायला वेळ लागला, तिथे भीती होती. मी थांबलो. ते आलं, तसा मी अर्धं पाऊल मागे सरकलो.

आई उभी होती.

तिने खाली खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काठी घेतली, स्वतःच बाथरूमला जाऊन आली, आणि आल्या आल्या सुनीताला फोन लावायला सांगितला.

"सुनीता, आज मी आपल्या मनानं उठली! नाही वं, त्यानं काईच नाही केलं. उगाच हात धरून उभा होता."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली. मी तसाच समोर उभा.

"आता पाहून काय राहिला? पाणी दे. अन् गिलास पूर्ण भरजो."