पट्टीवरचा फोन नंबर

मंडळी, आज तासगावात जे झालं ते आपल्या ई-मेलच्या जुन्या कंपूला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या केबलवर रोज दुपारी बायकांसाठी प्रश्नमंजुषा असते. पडद्यावर खाली पट्टी फिरते, 'आत्ता फोन करा, थेट बोला.' केबल चालवणारा संजा माझा वर्गमित्र. गेल्या रविवारी आमच्याकडं जेवायला आला, तेव्हा आईला म्हणाला, "काकू, तुमी फोन कराच. तुमचं उत्तर मी घेतो."

आई सातवी शिकलेली. एकदा तरी आपलं उत्तर गावानं ऐकावं, एवढीच तिची हौस. आठवडाभर शेजारच्यांच्या फोनवरून नंबर फिरवत होती. कायम एंगेज.

आज कार्यक्रम सुरू असताना मीच केबलच्या ऑफिसात गेलो. फोनचा रिसीव्हर काढून टेबलावर ठेवलेला. व्हीसीआरमध्ये कॅसेट चालू. कार्यक्रमात फोनवरून उत्तरं देणाऱ्या बायका म्हणजे संजाची बायको आणि बहिणी. सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं.

"लोकास्नी फोन लावाय आवडतंय रं," संजा शांतपणे म्हणाला. "कुणाचं काय बिघडतंय?"

घरी येऊन आईला खरं ते सांगितलं. तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "माझ्या हातचं जेवताना तरी सांगायचं हुतं त्यानं."

केबल तर मी उद्याच काढायला लावणार आहे. पण संजा पुन्हा दारात येऊन 'काकू' म्हणाला, तर त्याला घरात घ्यायचं का? तुम्ही घेतलं असतं?