नाव झाकलं, माणूस उघडा

छत्तीसगडची राजधानी झाल्यावर रायपुरात जो तो सॉफ्टवेअर कंपनी काढू लागला. माझी तेलीबांधा तलावापाशी होती. म्हणजे नोकरी माझी, कंपनी साहेबांची. एका परदेशी गिऱ्हाइकाने विचारलं, लोकांची माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी तुमच्याकडे कोणावर आहे? त्या मीटिंगला मी उशिरा पोचले, म्हणून माझ्यावर.

मी नियम केला: नाव, फोन, पत्ता झाकायचा, बाकी दिसू द्यायचं. गिऱ्हाईक खूश. साहेब तर इतके खूश की आमच्या मराठी मंडळाच्या वधूवर ॲपलाही तोच नियम लावला. त्या ॲपात माझी ताईही होती. तिचा घटस्फोट झालाय हे बाबांना माहीत नव्हतं. बदली झाली म्हणून एकटी राहते, असं आम्ही दोघींनी ठोकून दिलं होतं. कळलं तर बाबा खचतील, ही भीती. पण नाव झाकलेलं, मग कशाला घाबरायचं?

ॲप दाखवायला मंडळाच्या हॉलमध्ये साहेबांनी पडद्यावर खऱ्याच नोंदी लावल्या. बाबा दुसऱ्या रांगेत. पहिला मुलगा आला: इंजिनिअर, वडील वीज खात्यात, आजोळ वर्धा.

"हा तं आपल्या सेक्रेटरीचा पोट्टा," पुढची एक काकू म्हणाली. "टक्कल काहून नाही लिहिलं?"

झालं. अख्खा हॉल ओळखायला बसला. इथे मराठी घरं ती किती, त्यात आजोळ सांगितलं की काही उरतच नाही. परदेशी गिऱ्हाइकाला काकू नसतात, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. मी माऊसकडे धावले, तोवर पुढची नोंद लागली: घटस्फोटित, एमएस्सी गणित, उंची पाच-तीन, स्वयंपाक उत्तम, वडील रेल्वेतून निवृत्त, आजोळ अकोला, एक धाकटी बहीण.

काकूने ओळखलं. वळून बाबांकडे पाहू लागली.

बाबा उठले. "उंची चुकली. पाच-चार आहे ते. अन् स्वयंपाक उत्तम कोणी लिहिलं? सरासर खोटं आहे."

हॉल हसला. मला हसू येईना.

परतताना स्कूटरवर मागून बाबा म्हणाले, "जावई दोन दिवाळ्या आला नाही. मले काय समजत नाही? तुम्ही पोरी कधी सांगता, याची वाट पाहून राहिलो होतो."

मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. रडू आवरेना.

घरी येऊन ताईला फोन लावला, सगळं सांगितलं. तिने घाबरतच विचारलं, बाबा काय म्हणाले?

"उंची पाच-चार करायला सांगितली."

तिने जोरात नाक ओढलं. मग म्हणाली, "पाच-तीनच आहे मी. बाबा नेहमी वाढवून सांगतात."