दस्तगीरचा निरोप आणि माझं 'निवांत'

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, पण एका अटीवर. मधे कुणी हसायचं नाही. मी जे करून बसलो ते कळल्यावर आमच्या कॅन्टीनच्या मावशींनी तीन आठवडे मला पापड वाढला नाही. एवढं एकच सांगतो, म्हणजे गुन्हा किती मोठा होता ते ध्यानात येईल.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बावीस वर्षं झाली. गेटपासून माझ्या टेबलापर्यंत दोनशे पावलं असतील, पण तेवढ्यात पंधरा माणसं भेटतात. कुणी रामराम घालतं, कुणी सलाम, कुणी जय शिवराय, कुणी नुसतंच 'काय, बरं हाय न्हवं?' आता मला सांगा, रोज सकाळी या सगळ्यांना कोण उत्तरं देत बसणार?

म्हणून मी एक शब्द पक्का करून टाकलाय. निवांत! समोरून काहीही येऊ दे, हात वर करायचा, 'निवांत' म्हणायचं, आणि पाय थांबवायचे नाहीत. तब्येत कशी हाय? निवांत. पोरगं पास झालं का? निवांत. एकदा आमचे वॉचमन महादूमामा म्हणाले, "साहेब, मागचा टायर बसलाय तुमचा." त्यांनाही मी निवांतच म्हणालो आणि पुलापर्यंत गाडी ढकलत गेलो. तरी सवय काही सुटली नाही.

कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही तसंच. आमचा दस्तगीर पहाटे साडेपाचला त्यावर गुलाबाचं फूल टाकतो. फुलाशेजारी वाफाळता चहाचा कप, खाली सुविचार. मग साठ माणसं त्याला 'शुभ सकाळ' म्हणणार, आणि तो त्या साठ जणांना हात जोडणार. माझा फोन टेबलावर थरथरत चालत जायचा. शेवटी मी तो ग्रुप कायमचा म्यूट केला. माझे बारा वाजले ते तिथून.

दस्तगीर म्हणजे माझा दोस्त. लेथवरचा कारागीर, हात असा की मायक्रोमीटरनं लाजावं. राहायला पेठ वडगावला. आम्ही दोघं एकाच आठवड्यात कामाला लागलो आणि बावीस वर्षांत एकमेकांशी एकदाही सरळ बोललो नाही. शिवी दिल्याशिवाय आमची गाडी पुढं सरकतच नाही. पण गेला महिनाभर तो सेकंड शिफ्टला होता. मी साडेतीनला सुटायचो, तेव्हा तो आत यायचा. गेटमध्ये भेट व्हायची ती एवढीच. तो काहीतरी म्हणायचा, मी हात वर करायचो.

तर एका सोमवारी दुपारी हा तासभर आधीच स्टोअरमध्ये आला. माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि खाली बघत म्हणाला, "विल्या, बावीस वर्षात काय बोललो असीन, काय चुकलं असंल, तर मनात ठिवू नको. माफ कर मला."

मला हसूच आलं. हा आणि माफी? मी म्हणालो, "माझा स्टीलचा डबा नेलायस महापुराच्या वर्षी. त्यो आण आदी. तवर माफ करत न्हाय जा."

मला वाटलं, आता दोन शिव्या येतील. आली नाही एकही. त्याचं तोंड एवढंएवढंसं झालं आणि तो गुपचूप निघून गेला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर माझा डबा! झाकणावर मी खिळ्यानं कोरलेलं 'विलास' सुद्धा तसंच. रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर भरलेली. मी डबा उघडून बघतच राहिलो. जो माणूस माझं पेन नेऊन वर मलाच टोपण मागतो, तो सहा-सात वर्षांचा डबा शोधून, घासूनपुसून आणून देतोय? माणूस असं सगळं आवरायला कधी घेतो?

त्याच दिवशी सुटताना सायकल स्टँडजवळ तो पिशवीत काहीतरी शोधताना दिसला. पिशवीतून वर आली दवाखान्याची फाईल. तिच्या खाली पांढरं कापड. नवंकोरं, न शिवलेलं, नीट घडी घातलेलं.

"हे काय रे?" मी विचारलं.

"लागतंय की," तो अगदी शांतपणे म्हणाला. "आदी आणून ठिवल्यालं बरं. ऐनवेळी घरच्यांची पळापळ नको."

अहो, स्वतःचं कफन! माणूस बाजारात जातो, कापड निवडतो, घडी घालून कामावर घेऊन येतो आणि वर म्हणतो पळापळ नको! पुढं विचारायची हिंमत होईना. तरी कसंबसं तोंडातून निघालं, डॉक्टर काय म्हणाले? तर म्हणाला, सगळ्या तपासण्या झाल्या, इंजेक्शनही झालं, आता डॉक्टरांचं काम संपलं. आणि हसला हो! तो हसला आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

त्या रात्री बायकोनं विचारलं, जेवत का नाही. काय सांगणार? ज्या माणसाला मी 'माफ करत न्हाय जा' म्हणालो, तो चाललाय हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

सकाळी मी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. वाटलं, त्यांना काही माहीत नसेल, त्याची लेथ तरी आता बंद ठेवा म्हणावं. मी आवाज खाली करून म्हणालो, "साहेब, दस्तगीरचं कळलं का?"

साहेब फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "हो, त्यानं महिन्यापूर्वीच सांगितलं मला. बरं झालं. हातपाय चालतायत तोवर झालेलं चांगलं. मी चाळीस दिवस धरलेत. त्याच्या लेथवर बदली माणूसही बघून ठेवलाय."

चाळीस दिवस! आणि हा माणूस बदली बघून मोकळा! बावीस वर्षं ज्यानं रक्ताचं पाणी केलं, त्याच्यासाठी एक उसासा नाही. मला साहेबांची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही, ते सोडा.

तिथून कॅन्टीनला गेलो. मावशी भाकरी थापत होत्या. त्यांचे तरी डोळे ओले असतील म्हणून मी दस्तगीरचा विषय काढला. मावशी तर खुशीत! म्हणाल्या, "मी त्येला सांगून ठिवलंय, तितं गेल्यावर माझ्या पोरीच्या लग्नाचं तेवढं देवाजवळ बोल बाबा. त्यो व्हय म्हणलाय."

जाणाऱ्या माणसाच्या हाती देवाकडं निरोप पाठवणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. जगात माणुसकी उरलीच नाही, फक्त मी एकटाच शिल्लक आहे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

शुक्रवारी दस्तगीर परत आला. त्याचा तो कामाचा शेवटचा दिवस होता. दारातूनच म्हणाला, "विल्या, त्ये आपलं मिटलं न्हवं? डबा पोचला न्हवं?" मला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. पण हुंदका असा दाटून आला की मी 'आलोच' म्हणून मागच्या रॅकमध्ये पळालो आणि बेअरिंगच्या खोक्यांत तोंड घालून उभा राहिलो. बाहेर आलो तर तो गेलेला. माफीचं तसंच राहिलं.

रविवारी सकाळी आठला नाना चौगुल्याचा फोन. नाना आमच्या डिस्पॅचला असतो. म्हणाला, "विल्या, दहाच्या आत दस्तगीरच्या दारात पोच. समदी निघाल्यात. उशीर केलास तर तोंड बघायला मिळायचं न्हाय."

फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "दस्तगीर गेला गं." ती तिथंच मटकन बसली. चाळीस दिवस धरणाऱ्या साहेबांना मी मनात लाखोली वाहिली. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा घातला. वाटेत फुलवाल्याकडून फुलांची मोठी चादर घेतली, ती मांडीवर धरली आणि रडत रडत स्कूटर वडगावला नेली. हायवेवर लोक माझ्याकडं वळून वळून बघत होते.

गल्लीत ही गर्दी! टोप्या घातलेली माणसं, दारात बायका पदरानं डोळे पुसतायत, अंगणात खुर्च्या मांडलेल्या, अत्तराचा वास. आमच्या कारखान्याची वीसेक माणसं एका बाजूला उभी. दारातच दस्तगीरचा थोरला मुलगा सलीम भेटला. पंचवीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला असतो. त्याचे डोळे लाल.

मला राहवलं नाही. मी चादरीसकट त्याला मिठी मारली आणि मोठ्यानं म्हणालो, "सलीम, रडू नको बाळा. बाप गेला म्हणून काय झालं, मी हाय. मला त्येचं तोंड दाखीव एकदा. माझ्याकडनं लई मोठी चूक झाली रे, मी त्येला माफ केलं न्हाय."

सलीम गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. बायकांनी पदर डोळ्यांवरून खाली घेतले. आणि पाठीमागून माझ्या खांद्यावर हात पडला.

"मग कर की आता. कुणी धरलंय?"

वळून बघतो तर दस्तगीर! गळ्यात कानापर्यंत हार, डोळ्यांत सुरमा, अंगावर नवे कपडे. शेजारी त्याची बायको, तिच्याही गळ्यात हार. माझ्या हातातली चादर खाली पडली आणि मी दारातल्या पाण्याच्या बॅरलवर जाऊन बसलो. झाकण नव्हतं त्याला. कमरेपर्यंत आत गेलो.

"तू जित्ता हाईस?" मी आतूनच विचारलं.

मग कुणी हसलं आणि कुणी नाही, ते मला विचारू नका. नाना चौगुल्या तर भिंत धरून खाली बसला. मला बाहेर ओढून काढल्यावर सलीमनं समजावून सांगितलं. अब्बा आणि अम्मी हजला निघालेत. चाळीस दिवसांचा प्रवास. पांढरं कापड तिथं नेसायचं असतं. तपासण्या आणि इंजेक्शन सगळ्यांनाच लागतात. आणि जाण्याआधी ओळखीच्या एकेका माणसाला भेटून माफी मागायची, कुणाच्या मनात काही ठेवून निघायचं नाही, ही त्यांच्यात रीतच आहे. सगळ्या कारखान्याला हे माहीत होतं. पेढेसुद्धा वाटले होते. मी तेव्हा मलकापूरला भाचीच्या लग्नात होतो. ग्रुपवर अभिनंदनाचे दीडशे मेसेज पडलेले.

मला मग रागच आला. ओल्या पायजम्यातला माणूस दुसरं काय करणार? मी दस्तगीरला म्हणालो, "लेका, बावीस वर्षांचा दोस्त मी. तोंडानं एकदा सांगायला काय झालतं तुला?"

दस्तगीर म्हणाला, "समद्यात आदी तुलाच सांगितलं की. घरातनं फोन आला, तसा गेटवर तुला गाठला. विल्या, हजला नंबर लागला, म्हणलो. आठीव, तू काय म्हणलास?"

मला आठवायची गरजच नव्हती. कारखान्याच्या वीसच्या वीस माणसांनी एका सुरात सांगितलं.

हसणं ओसरल्यावर त्यानं पुन्हा माझा हात त्याच्या दोन्ही हातांत घेतला, अगदी त्या सोमवारसारखा. "ह्ये समदं ऱ्हाऊ दे. पण माझं काम ऱ्हायलंय. तू न्हाय म्हणलास तवापासनं मला झोप न्हाय. माफ केलंस का न्हाई?" त्याचे डोळे भरले होते. म्हणजे इतके दिवस मी त्याच्यासाठी रडत होतो आणि तो माझ्या एका फालतू विनोदापायी तळमळत होता. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, केलं रे बाबा, सगळं केलं, आता तू मला कर. तर डोळे पुसत म्हणतो, "तुझं तितं गेल्यावर बघतो. चाळीस दिस हाईत."

फुलांच्या चादरीचं काय करायचं, हा प्रश्न होता. त्याचे म्हातारे चुलते म्हणाले, वाटेत दर्गा आहे, तिथं चढवू, चांगली फुलं आहेत. तेवढाच काय तो मला आधार वाटला. गाडीचा हॉर्न वाजला, सगळे पुढं धावले, हात हलले, रडारड सुरू झाली. दस्तगीरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडं बघून काहीतरी ओरडला. त्या कालव्यात मला एक शब्द ऐकू आला नाही. पण हात आपोआप वर गेला.

"निवांत!" मी ओरडलो.

नाना शेजारीच होता. त्यानं सांगितलं, काय विचारलं ते. "तितं मी फोन हातात घेणार न्हाय. मी येईपतूर रोज पाटं ग्रुपवर गुलाब तू टाकशील न्हवं?"

दिलेला शब्द मोडता येतो का? सोमवारी पहाटे साडेपाचला उठलो. म्यूट काढला. गुलाब शोधला, चहाचा कप शोधला, सुविचार शोधायला वीस मिनिटं गेली, आणि टाकला. सात वाजले, आठ वाजले. साठ माणसांचा ग्रुप, पण एकाचाही 'शुभ सकाळ' नाही. मी बेचैन. गेटवर पोचलो तर महादूमामा रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी गाडी थांबवली, खाली उतरलो आणि त्यांच्यासमोर जाऊन नीट विचारलं, "मामा, सकाळी ग्रुपवर मी फूल टाकलं, ते बघितलं का तुम्ही?"

मामांनी मान वर केली नाही. नुसता हात वर केला आणि म्हणाले, "निवांत."