बांधावरची वाट मी नकाशावर घातली

माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. गावोगावच्या बांधांवर उन्हात उभं राहून भावाभावांची इतकी भांडणं ऐकली, की निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता पुरे, आता कुणाच्या शेतात पाय ठेवायचा नाही. घेतली सायकल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही! जळगावातल्या आमच्या रविवारच्या सायकल मंडळात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, वकीलही होते. तरी मार्ग आखायचं काम कुणी न सांगता माझ्याकडे आलं, आणि मीही ते मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं. शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर मार्ग तयार करायचा, ग्रुपवर टाकायचा, आणि कोण कोण वाहवा करतंय ते चहा गार होईस्तोवर बघत बसायचं. या वयात कौतुकाची एवढी भूक बरी नव्हे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

धरणगावकडचे कापसाचे रस्ते झाले, धुळ्याकडचा माळ झाला, पण माझी खरी ओढ यावलकडे. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांना केळी, मग कालव्याची कच्ची वाट आणि समोर सातपुडा. पायथ्याशी सागाचं जंगल लागतं. त्यातून मुरमाचा एक रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो. तिथे सायकल घातली की माझे गुडघे दुखतात हे मी साफ विसरतो. अडचण एकच. कालवा आणि जंगल यांच्या मधोमध केळीचे मळे आडवे पडलेले. त्यामुळे डांबरी रस्त्याने लांबलचक वळसा घालायचा, आणि तोही केळीच्या ट्रका अंगावर घेत.

दोन वर्षांपूर्वी थंडीत, मधल्या वारी, मी एकटाच तिकडे वाट हुडकत होतो. दुपारची वेळ. कालव्याकाठच्या एका मळ्यातून एक म्हातारी मजूरबाई लगबगीने बाहेर आली. विचारलं, “अक्का, जंगलाकडे जायला इकडून काही वाट आहे का हो?”

“या ना भाऊ माह्या मांगं. मी घरीच चालली.”

सायकल हातात धरून मी तिच्या मागे निघालो. केळीच्या दोन बागांमधला बांध, जेमतेम एका माणसाच्या पायाएवढा. मग नाला, त्यात ठेवलेले चार दगड, आणि वर चढलं की थेट तिचं गाव. गावामागे जंगल. दहा मिनिटांत पार! मी तर हरखूनच गेलो. चालता चालता अक्का बोलत होती. नवऱ्याची उजवी बाजू गेलेली, खाटेवरून उठता येत नाही. मुलगी लांब दिलेली. म्हणून दुपारच्या सुटीत ती पळत घरी जायची, म्हाताऱ्याला कालवून भरवायची, पाणी पाजायची, कूस बदलून द्यायची आणि परत पळत कामावर. वाट ज्या नानांच्या मळ्यातून जात होती, त्यांना विचारलं का कधी, असं मी सहज म्हटलं. “कशाले इचारू? ते बी कधी नाही म्हनले नाहीत,” ती म्हणाली. तिच्या घरी मी पाणी प्यालो. खाटेवरच्या आबांनी डावा हात कपाळापर्यंत नेऊन मला रामराम केला.

आता बघा माझी अक्कल. ज्या माणसाने जन्मभर वहिवाटीचे तंटे बघितले, शेतातून कुणाला जाऊ दिलं आणि पुढे ती पायवाट कागदावर आली की मालक कसा देशोधडीला लागल्यासारखा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो हे ज्याला तोंडपाठ, त्या माणसाने घरी येऊन काय करावं? जाताना मोबाइलवर सगळी वाट नोंदली गेलीच होती. तिला मी ‘केळीची बोळ’ असं झकास नाव दिलं, केळीच्या पानांतून येणाऱ्या उन्हाचे फोटो जोडले आणि सायकलवाल्यांच्या ॲपवर सगळ्यांना दिसेल अशी टाकून दिली. अशा वाटा गावात चालतात, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. जाणारा विचारत नाही, मालक अडवत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

वाहवा झाली. मग भुसावळचं एक टोळकं गेलं, मग धुळ्याचं. रविवारी त्या बांधावर सायकलींची रांग लागते आहे, असं मला कुणीतरी कौतुकाने सांगितलं आणि मी कौतुकाने ऐकलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमचं मंडळ घेऊन मी पुन्हा तिथे पोचलो, तर बांधाच्या तोंडाशी पुरुषभर खोल चर आणि त्यामागे काटेरी तार. माझ्या मस्तकाची शीरच उठली. “काय माणसं असतात एकेक! यांच्या बापाचं काय जात होतं?” असं मी सगळ्यांदेखत बोललो. बापाचंच जात होतं की, जमीन त्यांच्या बापाचीच होती. पण तेव्हा तोंड सुटलं होतं. मंडळ वळसा घालून पुढे गेलं. पाणी संपलं होतं म्हणून मी अक्काच्या घरापाशी थांबलो.

अक्का भर कामाच्या वेळी घरी होती. वाट बंद झाली, डांबरी रस्त्याने यायला-जायलाच दुपारची सुटी पुरेना, दोनदा उशीर झाला आणि मुकादमाने सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मधले काही दिवस तिने आबांच्या उशाशी तांब्या ठेवून बघितला, पण डाव्या हाताने तो त्यांच्या अंगावरच सांडायचा. ओल्या अंथरुणात संध्याकाळपर्यंत पडून राहायचे बिचारे.

“कोना मेल्यानं आमची वाट मोबाइलात घातली म्हने,” तिने तांब्या माझ्या हातात दिला. “त्याचं वाटोळं होवो! आमच्या पोटावर पाय दिला त्यानं. नाही का हो भाऊ?”

“हो ना,” मी म्हटलं, आणि पाणी प्यालो.

ते ‘हो ना’ मला अजून झोपू देत नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती माहेरची शिंदखेड्याची. रागावली की अहिराणीवर येते. कणीक मळता मळताच सगळं खापर माझ्यावर फोडत म्हणाली, “हाई बठ्ठं तुमनंच करेल शे. आते माले काय सांगतस? तिले सांगा.” आणि पाठ फिरवली.

तिला सांगायचा धीर होईना, म्हणून आधी नानांकडे गेलो. नोकरीसकट सगळं सांगून गुन्हा कबूल केला. नाना शांत माणूस. म्हणाले, “साहेब, एक पोरगेला सायकलवाला मी अडवला. कोनाले इचारून आला, म्हटलं. त्यानं मोबाइल दाखवला आन् म्हनला, काका, हा नकाशावरचा रस्ता आहे. आता तुमी मोजनीतले. तुमीच सांगा, उद्या हाच नकाशा घेऊन कोनी तहसीलदारापुढं उभा राह्यला तर मी काय बोलू?”

मोबाइलवरच्या रेघेने कुणाचा हक्क बनत नाही, तसं मी लेखी देतो, असं मी म्हटलं. नाना हसले. “कागदाचंच तर भेव आहे, साहेब.”

“निदान अक्कापुरती तरी वाट मोकळी करा.”

“तिले मी कधी अडवलं व्हतं? पन आता तिच्यासाठी तार काढली, तर बाकीच्यांना कोन्या तोंडानं नाही म्हनू?” त्यांचं चुकलं कुठे, ते मला शोधूनही सापडलं नाही. घरी येऊन मी तो मार्ग पुसून टाकला. पण तोवर तो किती जणांनी उतरवून घेतला, आपापल्या नावाने पुढे पाठवला, देव जाणे. उधळलेली राई कुणी वेचावी?

शेवटी गेल्या महिन्यात मनाचा हिय्या केला. सायकल नाही, ग्रुप नाही, एसटीने गेलो. वाटेत सगळं मनाशी घोकलं होतं. अक्का शिव्या देईल, द्यायलाच पाहिजेत. पाया पडायचं, आणि आबांजवळ दुपारी कुणी बाई ठेवायची सोय करतो म्हणायचं. बोललो की छातीवरचा धोंडा उतरेल, हाही हिशेब होताच मनात, खोटं कशाला सांगू.

ती आबांना भाकरी कुस्करून भरवत होती. मी दाराशीच उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मोबाइल, नाव, फोटो, आणि त्या दिवशीचं माझं ‘हो ना’ सुद्धा.

तिचा हात ताटलीतच राहिला. शिवी आली नाही. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. काहीतरी जुळवत होती.

“म्हंजे तुमाले ती वाट मीच दाखवली व्हती,” ती म्हणाली.

“अक्का, तुमचा काय दोष त्यात? मी...”

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती आबांकडे वळली, पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि लहान तोंड करून म्हणाली, “ऐकलं का हो? मीच दाखवली.”