न पाहिलेलं झाड

ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. मी पोलीस अधिकारी नव्हते. कावासाकीच्या एका पोलीस ठाण्यात मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काही वर्षं काम केलं, आता ते सोडलं आहे. संशयित बोलेल ते जपानीत सांगायचं, अधिकारी बोलेल ते मराठीत. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचंही नाही. माझ्यासारख्या फारसं न बोलणारीला ते काम बरं पडायचं. नावं मात्र मी कोणाचीच देणार नाही.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतरचा तो पहिला उन्हाळा होता. अणुवीज केंद्रात अपघात झाला होता. वीज वाचवायची म्हणून स्टेशनांवरचे सरकते जिने बंद होते. ठाण्यातल्या निम्म्या ट्यूब काढून ठेवलेल्या होत्या आणि अधिकारी गळ्यात ओला टॉवेल गुंडाळून काम करत होते. अशात एक वयस्क बाई खबर द्यायला आल्या. त्यांच्या शेजारी एक भारतीय इंजिनिअर राहायचा. बायको-मुलं भूकंपानंतर पुण्याला गेली होती. तो सकाळी ऑफिसला जाई, पण मुलांच्या खोलीचा एसी दिवसभर सुरू असे.

"मुलं नाहीत, तोही नाही. मग गारवा कोणासाठी?" बाईंनी विचारलं.

त्यांची तक्रार वाया जाणाऱ्या विजेपुरतीच होती. निरीक्षक निवृत्तीला आलेले होते. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "पडदे कधी उघडतात?"

"कधीच नाही."

पाळत ठेवली गेली, वॉरंट आलं, झडती झाली. मला सोबत नेलं होतं. मुलांच्या खोलीत भिंतीवर कार्टूनचे स्टिकर तसेच होते. त्यांच्याखाली कुंड्यांमध्ये गांजाची झाडं, वर दिवे. दिव्याच्या खोक्यावर कुरियरचा कागद चिकटलेला होता. पाठवणारा त्सुकुबाच्या विद्यापीठातला एक मराठी विद्यार्थी. त्याच्या पीएचडीचा विषय होता, घरात कुंडीत लावलेल्या पिकाचं उत्पादन कसं वाढवावं.

चौकशीत इंजिनिअरने सरळ त्याच्याकडे बोट दाखवलं. "झाडं माझी, नाही म्हणत नाही. पण डोकं त्याचं. यील्ड वाढवायचं सगळं त्यानेच शिकवलं. विचारा त्याला, एक्स्पर्ट आहे तो."

जपानमध्ये हा गुन्हा किती जड आहे हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. जाणूनबुजून मदत करणाराही सुटत नाही. विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. आरोप टिकला असता तर पीएचडी गेली, व्हिसा गेला, पुन्हा या देशात पाऊल नाही. आता प्रश्न एकच होता. आपण कशाला मदत करतोय हे त्याला माहीत होतं का?

तो खोलीत आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. मला पाहून म्हणाला, "ताई, तुम्ही मराठी? बरं झालं. यांना सांगा ना, मी तसला नाहीये."

मी ते शब्दशः जपानीत सांगितलं. निरीक्षक म्हणाले, "दुभाषीशी बोलू नका, माझ्याशी बोला." तेही मी त्याला मराठीत सांगितलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

इंजिनिअर त्याचा मानलेला दादा होता, असं त्याने सांगितलं. इथे घर भाड्याने घ्यायला जामीनदार लागतो. त्सुकुबात कोणी ओळखीचं नसताना दादा जामीन राहिला होता. त्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला की बाहेरच्या भाजीची भीती वाटते, रेडिएशनचं काही कळत नाही, म्हणून घरातच टोमॅटो लावलेत, पण वाढत नाहीत.

"मग तुम्ही बघायला गेलात?" निरीक्षकांनी विचारलं.

"नाही. दादा म्हणाला, घर आवरलेलं नाही, वहिनी नाहीत. मी फोनवरच सांगत गेलो. माझ्याकडचा जुना दिवा पाठवला."

"फोटो मागितला नाहीत?"

"दादाकडे पुरावा कसा मागणार?"

असं कारण कोणीही रचू शकतो, हे मलाही कळत होतं. बाकीचे अधिकारी तर मानायलाच तयार नव्हते. वनस्पती शिकलेला माणूस फसतो कसा?

मग निरीक्षकांनी खुर्ची मागे सरकवली. "त्याला जे जे सांगितलंत ते आता मला सांगा. समजा, मीच तुमचा दादा."

विद्यार्थी आधी अडखळत बोलला, मग विषयात शिरल्यावर त्याचा आवाज बदलला. फळांच्या वजनाने फांदी मोडेल, तिला काठीचा आधार दे. लाल व्हायला लागलं की तोड, वाट बघू नकोस. पुढे तो परागीभवन म्हणाला आणि मी अडले. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. परवानगी घेऊन मी अर्थ विचारला. "पॉलिनेशन," तो म्हणाला. "घरात वारा नसतो, मधमाश्या नसतात. फळ धरायचं तर फुलांचा देठ हलवावा लागतो. दादाला म्हटलं, जुना इलेक्ट्रिक टूथब्रश असेल तर तो लाव."

मी ते जपानीत सांगितलं. निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"टूथब्रश?"

"हो. रोज सकाळी."

"माझी बायको हेच करते," ते म्हणाले. "माझ्याच टूथब्रशने."

कोपऱ्यात बसलेला तरुण हवालदार खाली मान घालून हसला. निरीक्षक हसले नाहीत. एवढ्यावर कोणी सुटत नाही. विद्यार्थी ते आज रचूनही सांगू शकला असता.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला पुन्हा आणलं. टोमॅटो, टूथब्रश, यातला कसलाच विषय निरीक्षकांनी काढला नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचा एक्स्पर्ट चांगला शिकवत होता?"

"कसला एक्स्पर्ट," तो तोंड वाकडं करून म्हणाला. "निम्मं तर कामाचंच नव्हतं. टूथब्रश लावायला सांगत होता फुलांना. सारखा विचारायचा, लाल झाले का, लाल झाले का."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, अजून हिरवेच आहेत."

हे सांगताना माझा आवाज मला वेगळा वाटला, पण शब्द मी बदलले नाहीत. इंजिनिअरच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने टेबलाकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

"गांजाला लाल फळ येत नाही," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "झाडं गांजाची आहेत हे त्याला सांगितलं असतंत, तर त्याने विचारलंच नसतं."

जबाब लिहिला गेला. मी तो मराठीत वाचून दाखवला. इथे सहीबरोबर नावाचा शिक्का मारतात; तो नसलेल्या परदेशी माणसाकडून घेतात तसा त्याच्या बोटाचा ठसा घेतला गेला. काही दिवसांनी विद्यार्थ्याला सोडण्याचा आदेश आला.

तो निघाला तेव्हा निरीक्षक दारापर्यंत आले. एरवी ते येत नसत. मला म्हणाले, "विचारा त्याला. ऑगस्ट आला की आमच्या टोमॅटोची फुलं गळतात. काय करावं?"

मी विचारलं. विद्यार्थी दारातच थांबला. हीसुद्धा चौकशीच आहे का, हे तो ताडत असावा. मी घाबरू नका म्हणू शकले असते, पण ते माझं काम नव्हतं.

या कामात मी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. त्यांची उत्तरं बहुधा नीटनेटकी असतात, गरजेपुरती. खऱ्या माणसाच्या बोलण्यात असं काही निघतं ज्याचा कोणाला उपयोग नसतो, त्याला स्वतःलाही नाही. ते अर्ध्यात तोडायचं नसतं, हे मी निरीक्षकांकडून शिकले. पण भला माणूस भल्या हेतूनेही कुठवर जाऊन अडकतो, ते मला त्या दारात कळलं.

विद्यार्थ्याने चपला पायात सरकवल्या. मग वळून, या वेळी निरीक्षकांकडेच बघत म्हणाला,

"सांगतो. पण आधी झाड बघायला मिळेल का?"

मी ते जपानीत सांगितलं. निरीक्षकांनी मान डोलावली आणि खिशातून मोबाइल काढून फोटो शोधायला लागले.